टेबल फॉर टू, व्हेनिस!

कालव्याकाठी टेबल, टेबलावर मेणबत्ती, पाण्यातून सरकणारा गोंडोला आणि समोर ‘तो’. फुल टू फिल्मी ना? आम्हालाही तसंच वाटलं होतं. लग्नाचा दुसरा वाढदिवस व्हेनिसमध्ये साजरा करायचा म्हणून आम्ही आठ महिने वीकएंडचे सिनेमे आणि बाहेरची जेवणं कापली होती. विमान, हॉटेल, म्युझियमची तिकिटं, सगळं बुक. फक्त त्या रात्री जेवायचं कुठे, ते ठरलं नव्हतं. ‘‘अगं, तिथे गल्लोगल्ली रेस्टॉरंट्स आहेत,’’ इति नवरोबा.

आहेतच. तोच तर लोचा आहे.

सोमवारी संध्याकाळी पोचलो. वाढदिवस मंगळवारी होता, त्यामुळे आजचं जेवण साधंच करायचं होतं. पण रिआल्तो पुलाजवळ, ग्रँड कॅनॉलच्या अगदी काठावर एक जण मेन्यूकार्ड घेऊन उभा होता. आम्हाला बघताच म्हणाला, ‘‘नमस्ते!’’ झालं, आम्ही विरघळलो. मेन्यू सहा भाषांत, प्रत्येक पदार्थाचा फोटो. मी शाकाहारी, म्हणून मला पास्ता. नवऱ्याने भाजलेला मासा मागवला. समोर आकडा होता ८ युरो. ‘‘बघ, लोक उगाच घाबरवतात,’’ असंही वर ऐकवलं.

बिल आलं आणि आमचे चेहरे उतरले. ८ युरो हा एका ‘एत्तो’चा भाव होता. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. मासा निघाला ९०० ग्रॅमचा, म्हणजे ७२ युरो! शिवाय ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबल आणि पावाचा आकार, माणशी ४ युरो. पाण्याच्या बाटलीचे वेगळे. वाइनचे दोन ग्लास, माझा पास्ता आणि या सगळ्यावर १२ टक्के सर्व्हिस. एकूण १३० युरोंच्या पुढे. मी रुपयांत हिशोब केला नाही. नवऱ्याने केला.

मंडईत गवार घेताना ‘‘हा भाव पावचा की किलोचा?’’ असं न चुकता विचारणारी माणसं आम्ही. पण समोर गोंडोला दिसला की डोकं बंद पडतं, दुसरं काय! फसवलं म्हणावं तर कार्डावर सगळं छापलेलं होतं, बारीक अक्षरांत. हॉटेलवर जाईपर्यंत कोणी बोललं नाही. भांडलो असतो तर परवडलं असतं. उद्याच्या जेवणाचे पैसे आजच संपले होते. ‘‘उद्या पिझ्झाचा तुकडा खाऊ चालता चालता,’’ तो पडल्या पडल्या म्हणाला. मी दिवा मालवला.

आम्ही तसे स्वस्तात सुटलो. २०१८च्या जानेवारीत सेंट मार्क्स चौकाजवळ चार जपानी विद्यार्थ्यांना चार स्टेक, तळलेल्या माशांची एक प्लेट आणि पाणी यांचं बिल ११०० युरोंहून जास्त आलं होतं. जगभर बातमी झाली होती त्याची.

सकाळी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, जवळपास चांगलं रेस्टॉरंट कुठलं? तिने गठ्ठ्यातून एक कार्ड काढून दिलं. मग मी प्रश्न बदलला. ‘‘तू तुझ्या बॉयफ्रेंडबरोबर कुठे जातेस?’’ ती हसली, कार्ड परत घेतलं आणि नकाशावर कान्नारेजो भागात एक फुली मारली. म्हणाली, दुपारीच स्वतः जाऊन टेबल सांगून या, पाचच टेबलं आहेत. कालचा मासा ऐकून तिने कपाळाला हात लावला. रिआल्तोचा मासळी बाजार रविवार-सोमवार बंद असतो. सोमवारी ताजा मासा येणार कुठून? मेन्यूत पदार्थाच्या नावापुढे चांदणी दिसली तर माल बहुधा फ्रोझन असतो, हेही तिनेच सांगितलं.

दुपारी जाऊन टेबल पक्कं केलं. दाराबाहेर लावलेला मेन्यू शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. हाताने लिहिलेला, फक्त इटालियन, जेमतेम एक पान. कोपेर्तो २ युरो. ‘नमस्ते’ म्हणायला कोणी नाही.

रात्री भुकेलेपणी मेन्यू हातात धरायचा नाही, हा धडा घेतलेला. म्हणून सात वाजता आधी एका ‘बाकारो’त शिरलो. बाकारो म्हणजे व्हेनिसचा उभ्याउभ्याचा बार. काउंटरवर ‘चिक्केत्ती’, म्हणजे पावाच्या छोट्या तुकड्यांवर चीज, भाज्या, मासे, असं काहीबाही मांडलेलं. वाइनच्या छोट्या ग्लासला इथे ‘ओम्ब्रा’ म्हणतात, म्हणजे चक्क सावली! पूर्वी वाइनवाले सेंट मार्क्सच्या मनोऱ्याच्या सावलीत गाडी लावायचे आणि सावली सरकेल तशी गाडीही सरकवायचे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. दोन सावल्या पोटात गेल्यावर नवरा कालपासून पहिल्यांदा नीट हसला.

आमचं टेबल एका चिंचोळ्या कालव्याच्या काठी होतं. गोंडोला नव्हता. समोरच्या भिंतीवर दोरीला वाळत घातलेले कपडे, अगदी गिरगावातल्या चाळीसारखे. वाढणाऱ्या मावशींना इंग्रजी जेमतेम येत होतं. मी बिगोली नावाचा जाडा पास्ता मागवत होते, तर त्यांनी ‘‘नो, नो’’ करत हाताने मासा पोहून दाखवला. दिसायला नुसता कांद्याचा सॉस, पण त्यात अँचोव्ही असतात. शाकाहारी मंडळी, लक्षात ठेवा. त्यांनी माझ्यासाठी पोलेंटा आणि मश्रूम आणलं.

नवऱ्याने सुरुवातीला ‘सार्दे इन साओर’ घेतलं. तळलेल्या सार्डिन, त्यावर व्हिनेगरमध्ये मुरलेला कांदा, बेदाणे आणि पाइन नट्स. मग त्याने मेन्यूतल्या माशावर बोट ठेवलं, घसा खाकरला आणि विचारलं, ‘‘किती ग्रॅम?’’ मावशी आत गेल्या, ताटात मासा घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर काट्यावर ठेवला. ३८० ग्रॅम. एत्तोला ६ युरो. ‘‘तेवीसच्या आत,’’ नवरा कुजबुजला, इतक्या प्रेमाने की शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंना वाटलं, काहीतरी रोमँटिकच बोलतोय.

‘‘काय म्हणाला?’’ त्यांनी मला खुणेने विचारलं. मी लाजले. दुसरं काय करणार?

परतताना दोनदा रस्ता चुकलो. एकाच पुलावर तिसऱ्यांदा आलो तेव्हा तिथल्या पायरीवरच बसलो. पिझ्झाच्या तुकड्याची आठवण त्यानेच काढली.