एलिनॉरची पेन्सिल

पेसमेकरच्या जन्माची गोष्ट बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. बफेलो विद्यापीठातला एक इंजिनिअर, विल्सन ग्रेटबॅच, हृदयाचे आवाज टिपणारं यंत्र जुळवत होता. त्याला हवा होता तपकिरी-काळा-नारिंगी पट्ट्यांचा 10 किलोओहमचा रेझिस्टर. हाती आला तपकिरी-काळा-हिरवा, 1 मेगाओहमचा. सर्किट सुरू केलं तर 1.8 मिलिसेकंदांचा एक झटका, मग सेकंदभर सामसूम, पुन्हा झटका. हे तर हृदयच! कुणी ही घटना 1956 ची सांगतं, कुणी 1958 ची. रेडिओच्या सुट्या भागांशी खेळण्यात माझं पोरवय गेलं, त्यामुळे ही गोष्ट मला तेव्हापासून प्रिय. पण ग्रेटबॅचबद्दल जसजसं वाचत गेलो, तसतसा या गोष्टीवर माझा राग वाढत गेला. कष्टाचं सगळं श्रेय ती एका हिरव्या पट्टीला देऊन मोकळी होते.

रेझिस्टर चुकला, हे खरंच. ग्रेटबॅचनेच ते हसतहसत सांगितलंय. पण त्या झटक्याचा अर्थ त्यालाच का कळला? कारण 1951 पासून तो त्याची वाट पाहत होता. तेव्हा तो कॉर्नेल विद्यापीठात होता आणि इथाकाजवळच्या प्राणिवर्तन केंद्रात शेळ्यामेंढ्यांच्या अंगाला मोजमापाची यंत्रं जोडत होता. उन्हाळ्यात तिथे आलेले दोन मेंदूशल्यविशारद जेवणाच्या सुट्टीत गवतावर बसून त्याला ‘हार्ट ब्लॉक’ समजावत. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघालेला विजेचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही, असा हा आजार. संदेश न पोचणं म्हणजे काय, हे या श्रोत्याला वेगळं समजवायची गरज नव्हती. महायुद्धात तो नौदलात रेडिओवालाच होता. आधी जहाजांवर, मग पॅसिफिकमध्ये विमानवाहू नौकेवरून उडणाऱ्या लढाऊ विमानात, मागच्या तोफेवर. सोबतची माणसं कसलाही हिशेब न लागता मरताना त्याने पाहिली, आणि धार्मिक वृत्ती तिथूनच घट्ट झाली असं तो सांगे. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकता येईल असा कायदा अमेरिकेने केला होता. त्याच्याच आधाराने हा बायकापोरांचा गृहस्थ 1950 मध्ये इंजिनिअर झाला.

इलाज त्याला त्या गवतावरच सुचला होता. अडचण एकच होती: व्हॅक्यूम ट्यूब आणि मोठाल्या बॅटऱ्या छातीत मावणार कशा? ट्रान्झिस्टर बाजारात येईपर्यंत थांबणं भाग होतं.

1958 च्या वसंतात बफेलोच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले शल्यविशारद विल्यम चारडॅक यांच्या एका यंत्राची तक्रार पाहायला तो गेला. रक्तातला ऑक्सिजन मोजणारं ते यंत्र काही धड झालं नाही, पण जाताजाता त्याने शरीरात बसवायच्या पेसमेकरची कल्पना मांडली. चारडॅक येरझाऱ्या घालू लागले आणि म्हणाले, हे जमलं तर वर्षाला दहा हजार माणसं वाचतील. तीन आठवड्यांत ग्रेटबॅच पहिला नमुना घेऊन हजर झाला. 7 मे 1958 रोजी चारडॅक आणि त्यांचे सहकारी अँड्र्यू गेज यांनी तो एका कुत्र्याच्या हृदयाला जोडला आणि हृदय यंत्राच्या तालावर चालू लागलं. चार तासांत यंत्र बंदही पडलं! वायरमन वापरतात ती चिकटपट्टी गुंडाळून ग्रेटबॅचने यंत्र बांधलं होतं. शरीरातला ओलावा तिला अडवता येईना. आतलं पाणी सर्किटात शिरलं. शरीराचं आतलं वातावरण समुद्रापेक्षाही वाईट, असं हा नौसैनिक पुढे म्हणायचा.

खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि ती कुणी सांगत नाही. ग्रेटबॅचने नोकरी सोडली. जवळ दोन हजार डॉलर होते. घरामागच्या लाकडाच्या शेकोटीवर ऊब धरणाऱ्या कोठारात त्याने बाक मांडला, आणि घरच्यांचं पोट भरावं म्हणून भाजीपाला पिकवला. दोन वर्षांत त्याने हाताने पन्नास पेसमेकर बनवले. चाळीस प्राण्यांत बसवले, दहा माणसांत. 1960 मधल्या पहिल्या रुग्णांतले एक आजोबा 77 वर्षांचे होते, आणि त्या दहांत दोन मुलंही होती.

पण शंभरातला एक ट्रान्झिस्टर जरी बिघडला तरी एक माणूस जाणार. ट्रान्झिस्टर तपासायचे कुठे? बेडरूममध्ये. तिथे दोन भट्ट्या मांडल्या होत्या आणि त्यांत ट्रान्झिस्टर 125 अंश सेल्सियसला भाजले जात. मग धक्क्याची परीक्षा. ती त्याची बायको एलिनॉर घेई. ट्रान्झिस्टर मीटरला जोडायचा, पेन्सिलीने त्यावर टकटक करायची, काटा हलतो का पाहायचं. पेन्सिल लाकडी हवी; धातूची घेतली तर चांगला ट्रान्झिस्टरही कामातून जाई. सकाळी जाग यायची ती या टकटकीने, असं ग्रेटबॅच सांगे. जगभर जाणाऱ्या, मेडट्रॉनिक या कंपनीच्या पेसमेकरांतला प्रत्येक ट्रान्झिस्टर काही महिने या बाईच्या पेन्सिलीखालून गेला. गुणवत्तेची हमी वगैरे शब्द आपण आता फार सैल वापरतो. पाच मुलांची आई सकाळी उठून आपल्याच बेडरूममध्ये अनोळखी माणसांच्या हृदयाची हमी घेत होती. 1962 च्या पेटंटवर तिचं नाव नाही. टकटकीचं पेटंट निघत नाही.

पहिलेपणाचा वाद टाळता येत नाही, म्हणून थोडक्यात. अमेरिकन लेखक बऱ्याचदा विसरतात, पण माणसात पूर्ण बसवलेला पहिला पेसमेकर स्वीडनचा, 8 ऑक्टोबर 1958 चा. रुने एल्मक्विस्ट या इंजिनिअरने तो बूटपॉलिशच्या डबीच्या साच्यात इपॉक्सी ओतून घडवला आणि ओके सेनिंग या शल्यविशारदाने बसवला. तो काही तासांतच बंद पडला. रुग्ण आर्ने लार्सन एकामागून एक असे एकूण सव्वीस पेसमेकर वापरून 2001 पर्यंत जगला. एल्मक्विस्ट आणि सेनिंग दोघेही त्याच्या आधी गेले. त्या दोघांच्या मागे लागून हे यंत्र करायला लावलं ते आर्नेची बायको एल्स-मारी हिने. म्हणजे स्वीडनच्या बाजूलाही एक एलिनॉर आहेच. माझं मत विचाराल तर पहिलं कोण याला फारसं महत्त्व नाही. काही तासांचा पेसमेकर आणि वर्षानुवर्षं टिकणारा पेसमेकर या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

हा टिकाऊपणाचा ध्यास मेडट्रॉनिकशी झालेल्या करारातही दिसतो. या कंपनीचा सहसंस्थापक अर्ल बॅकनसुद्धा युद्धात रडारवर काम केलेला, आणि त्याची कंपनी 1949 मध्ये मिनियापोलिसच्या एका गॅरेजात सुरू झालेली. ग्रेटबॅचने पेसमेकर बनवायचा परवाना त्याला दिला, पण आराखडे आपल्या ताब्यात ठेवले. त्याच्या सहीशिवाय एक सुटा भागही बदलायचा नाही! कंपनीतल्या इंजिनिअरांना हे जाचलं असणारच.

बिघाड मात्र सर्किटात नव्हता, बॅटरीत होता. पाऱ्याच्या बॅटऱ्या जेमतेम दोन वर्षं चालत. त्यांतून वायू निघे, म्हणून यंत्र हवाबंद करता येईना. दर दोन वर्षांनी माणसावर पुन्हा शस्त्रक्रिया करायची. लोक प्लुटोनियमकडेही वळले. अणुशक्तीवर चालणारा पेसमेकर 1970 मध्ये पॅरिसमध्ये माणसात बसलाही. ग्रेटबॅचने हाही मार्ग चोखाळून पाहिला. शेवटी त्याची नजर बाल्टिमोरच्या कॅटॅलिस्ट रिसर्चने शोधलेल्या लिथियम-आयोडीन बॅटरीवर गेली. तिच्यातून वायू निघत नाही, आणि दोन द्रव्यांमधला पडदा ती स्वतःच तयार करते. 1970 मध्ये त्याने क्लॅरेन्स गावात विल्सन ग्रेटबॅच लिमिटेड काढली आणि ही बॅटरी छातीत राहण्याजोगी केली. लिथियमवरचा पहिला पेसमेकर 1972 मध्ये इटलीत बसला. मोठ्या कंपन्या बिचकत होत्या. ज्या मेडट्रॉनिकचे आराखडे त्याने इतकी वर्षं राखले, तीही रेंगाळली. तिथूनच बाहेर पडलेल्या माणसांनी काढलेल्या सीपीआय या नव्या कंपनीने मात्र लिथियम धडाक्यात वापरलं. मग बाकीचेही वळले, आणि पाऱ्याची बॅटरी इतिहासजमा झाली. संशोधकांच्या चरित्रांत बॅटरीला एक परिच्छेद मिळतो. माझ्या मते ग्रेटबॅचचं मोठं काम हेच. रेझिस्टर त्यापुढे किरकोळ.

1990 मध्ये त्याला अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. दीडशेहून जास्त पेटंटं नावावर झाली. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्याने स्वतः बनवलेल्या सौरऊर्जेच्या होडीतून सरोवरांची सफर केली, आणि नंतर चंद्रावरच्या हेलियम-3 पासून वीज काढायच्या मागे लागला. ते मला काही पटत नाही. पण बेडरूममध्ये भट्ट्या मांडणाऱ्या माणसाला तेव्हाही कुणीतरी असंच म्हटलं असेल.