एका भोकाच्या दोन वाटा

असीरगडावरच्या जुन्या शिवमंदिरात पहाटे कुणीतरी येऊन फूल वाहून जातं आणि तो अश्वत्थामा असतो, असं पायथ्याच्या गावांत सांगतात. कपाळावरचा मणी गेल्यापासून त्याची जखम भरलेली नाही. ती जळते, म्हणून तो दारोदार तेल मागत फिरतो. तिकडे नंदुरबारकडच्या अस्तंब्याच्या डोंगरावरही हाच अश्वत्थामा आणि हीच तेलाची मागणी. खरंखोटं त्याचं त्याला ठाऊक. पण जिथे जळतं तिथे तेल न्यायचं, ही युक्ती यंत्रांनीही जशीच्या तशी उचलली आहे.

इंजिनातलं ऑइल कशासाठी असतं, असं विचारलं तर कुणीही सांगेल, घर्षण कमी व्हावं म्हणून. हे उत्तर अर्धंच झालं. पिस्टनची खालची बाजू, क्रँकची बेअरिंगं अशा ज्या जागी थंड करणारं पाणी पोचूच शकत नाही, तिथली उष्णता उचलून आणायचं कामही ऑइलच करतं. ती घेऊन ते खाली चेंबरमध्ये गळतं आणि पंप त्याला पुन्हा वर फेकतो. मग त्या तापलेल्या ऑइलला थंड कोण करणार? मोटारसायकलवर ते काम वारा करतो. बोटीचं इंजिन मात्र बंद पोटात बसलेलं असतं, तिथे वारा कुठला? बोटीला थंडावा मिळतो तो ती ज्या पाण्यावर चालते त्याच पाण्यातून. जेट बोटीत तर याची आणखी एक गंमत आहे. जो पंप नदी मागे फेकून बोट पुढे ढकलतो, तोच पंप त्या नदीचा एक छोटा हिस्सा बाजूला काढून इंजिनाला पाजतो.

जेट बोट जन्मली ती उथळ नद्यांमुळे. न्यूझीलंडमधल्या बिल हॅमिल्टन या मेंढपाळाच्या शेतालगतच्या नद्या आपल्या उन्हाळ्यातल्या तापीसारख्याच, गोट्यांनी भरलेल्या आणि फुटाफुटाला उथळ. साधा पंखा लावला की तो दगडावर आपटणार. म्हणून त्याने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पंखा बोटीच्या आत घेतला. तळाच्या जाळीतून पाणी ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोराने बाहेर फेकायचं. वेग धरल्यावर अशा बोटीला वीतभरापेक्षाही कमी पाणी पुरतं. १९६० साली हॅमिल्टनच्या बोटी कोलोरॅडो नदीच्या महाप्रचंड घळीतून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. भारताने त्या पाहिल्या १९७७मध्ये. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन ऐन पावसाळ्यात गंगेच्या मुखापासून वर निघाला, बोटी हाकायला हॅमिल्टनचा मुलगा आणि नातू होते. नंदप्रयागजवळ एका छोट्या धबधब्याने त्यांना अडवलं. तोवर पावसाळी गंगेचं ते गढूळ पाणी कित्येक दिवस त्या इंजिनांच्या अंगातून फिरत होतं. मला त्या मोहिमेतलं हेच सगळ्यात नवलाचं वाटतं.

सुरुवातीला आलेला असीरगड नर्मदा आणि तापी या दोन खोऱ्यांमधल्या वाटेवर बसला आहे, आणि गंमत अशी की दोन्ही नद्यांना आज जेटचं वारं लागलेलं आहे. उत्तरेला खंडवा जिल्ह्यात नर्मदेवर इंदिरा सागर आहे, साठवणक्षमतेने देशातला सर्वांत मोठा जलाशय. त्याच्या काठी हनुवंतियाला २०१६पासून जलमहोत्सव भरतो. तिथे पाण्यावर घोंघावणारी जेट स्की ही जेट बोटीचीच धाकटी बहीण. आणि दक्षिणेची तापी बऱ्हाणपूर, भुसावळ करत सुरतेला समुद्राला मिळते, तिथे मुखाशी हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोच्या गोदीत तटरक्षक दलासाठी ४५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेगाच्या गस्ती बोटी बांधल्या गेल्या. त्यांनाही पंखा नाही, वॉटर जेट आहे.

आता पोटात उतरू. मोटार महामार्गावर धावते तेव्हा इंजिनाची ताकद बहुतेक वेळ अर्धीही वापरली जात नाही. उतार येतो, सिग्नल येतो, पाय वर उचलला जातो. पाण्याला उतार नसतो. बोट वेगात आहे तोवर इंजिन सतत चढावर असल्यासारखं राबतं. जळलेल्या इंधनातली साधारण एक तृतीयांश शक्तीच कामाला येते, बाकीची उष्णता होऊन धुरातून, पाण्यातून आणि ऑइलमधून बाहेर पडू बघते. ऑइलला ९० ते ११० अंश सेल्सिअस मानवतात. त्याच्या बरंच वर गेलं की ते पातळ होतं आणि करपायला लागतं. ट्रकमध्ये घालतात ते साधं ऑइल ४० अंशांवर जितकं दाट असतं, त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकंच ते १०० अंशांवर उरतं. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये जो तेलाचा पापुद्रा असतो, तो काही हजारांश मिलिमीटरचा, केसाच्या जाडीहून कितीतरी पट पातळ. सगळं इंजिन त्या पापुद्र्यावर तरंगत असतं. तो फाटला की धातूला धातू लागतो आणि इंजिन जाम.

हे टाळायला असतो ऑइल कूलर. एक नळकांडं, त्याच्या पोटात बारीक नळ्यांची जुडी. नळ्यांमधून नदी वाहते, नळ्यांच्या भोवतीने तापलेलं ऑइल. दोघांच्या मध्ये तांबं-निकेलची किंवा पितळेची भिंत, एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून पातळ. भिंत जाड केली तर उष्णता अडते, म्हणून ती पातळच ठेवावी लागते. एकीकडे १०० अंशांचं ऑइल, दुसरीकडे २५ अंशांची नर्मदा, आणि दोघांना एकमेकांचा स्पर्शही नाही. उष्णता तेवढी पलीकडे जाते.

आणि मग एके दिवशी त्या भिंतीला भोक पडतं.

इथे खरी कथा सुरू होते. चालत्या इंजिनात ऑइलचा दाब वातावरणाच्या तीन ते पाच पट असतो. बहुतेक बोटींत कूलरमधल्या पाण्याचा दाब त्याहून कमी. तेव्हा इंजिन चालू असताना भोकातून ऑइल पाण्यात जातं आणि बोटीमागे इंद्रधनुषी तवंग पसरतो. मग बोट काठाला लागते, इंजिन बंद होतं. ऑइलचा दाब क्षणात शून्य. पण कूलरमध्ये पाणी उभंच आहे आणि बाहेरची नदी कूलरपेक्षा वीतभर उंच असली तरी पुरे. आता त्याच भोकातून पाणी ऑइलमध्ये शिरतं. भोक एकच, दिवसा तेल चोरतं, रात्री पाणी घुसवतं. काही जोरदार जेटमध्ये पंपाचाच दाब इतका चढतो की भर वेगात असतानाही पाणी आत घुसतं. म्हणून तिथे पाण्याच्या वाटेवर जादा दाब सोडून देणारी झडप बसवतात.

सकाळी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढली तर ऑइल कालच्यापेक्षा वर! हे पाहून कुणाला आनंद झाला तर त्याने बोट विकून टाकावी. इंजिनातलं तेल आपणहून कधी वाढत नाही. ते बहुधा पाणी असतं. तसंच इंजिन फिरवलं तर पाणी आणि तेल घुसळून पिवळट, दुधाळ साय तयार होते. तिच्यात बेअरिंगला लागणारा पापुद्रा धरण्याची ताकद नसते.

पण दुधाळ दिसलं म्हणजे कूलरच फुटला असं नाही, आणि इथेच कच्चे मिस्त्री फसतात. कूलर फार चांगला असला तरी पंचाईत होते. हिमालयातल्या किंवा न्यूझीलंडमधल्या बर्फाच्या पाण्यात ऑइल कधी नीट तापतच नाही. जळणातून निघणारी वाफ मग उडून न जाता झाकणाखाली साठते आणि तिथे तीच साय दिसते. म्हणून काही बोटींत ऑइल तापेपर्यंत त्याला कूलरकडे जाऊच न देणारा थर्मोस्टॅट असतो. शिवाय इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, गेलं तरीही पाणी आत येतं. चोर कोणता हे आधी ठरवायला हवं.

ऑइलमध्ये पाणी आहे का, याची एक जुनी परीक्षा आहे. तापवलेल्या पत्र्यावर ऑइलचा थेंब टाकायचा, चुरचुरला तर पाणी आहे. ते कूलरमधूनच आलं का, हे बघायला कूलर उतरवायचा, ऑइलची एक वाट बंद करायची, दुसऱ्या वाटेने बेताची हवा भरायची आणि पंक्चरवाल्याच्या ट्यूबसारखा पाण्याच्या टबात बुडवायचा. बुडबुडे आले की उत्तर मिळालं. नळ्यांचा कूलर असेल तर बुडबुडे कोणत्या नळीतून येतात तेही कळतं. मोठ्या जहाजांवर अशी एखादी नळी दोन्ही टोकांना खुंटी मारून कायमची बंद करतात आणि उरलेल्या नळ्यांवर काम चालतं. छोट्या जेट बोटीत ही काटकसर करू नये. नवा कूलर घालावा.

भोक पडतं कशाने? पहिला गुन्हेगार वाळू. जेट उथळ पाण्यात चालतो, म्हणजे तळाची रेती ओढतो. वेगाने जाणारे कण नळीच्या तोंडाशी धातू खरवडत राहतात. दुसरा गुन्हेगार विजेचा. वेगवेगळे धातू एकाच पाण्यात भिजले की त्यांच्यात बारीकसा प्रवाह सुरू होतो आणि कमजोर धातू झिजतो. समुद्रात तर फारच वेगाने. म्हणून कूलरमध्ये मुद्दाम जस्ताचा तुकडा बसवतात, की झिजायचं ते तू झीज. तो संपला आणि कुणी बदलला नाही, की पाळी भिंतीची. थंड देशांत तिसरा शत्रू, नळीत राहिलेलं पाणी. ते गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं आणि नळी चिरतं. आपल्याकडे त्याची भीती नाही.

आपल्याकडे चुना आहे. बऱ्हाणपूरला कुंडी भांडाऱ्यात उतरून पाहिलेल्यांना हे सांगावं लागणार नाही. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५मध्ये, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचं भूजल जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणलं. वर ओळीने शंभराच्या आसपास कुंड्या, खाली एकमेकींना जोडणारी भुयारं, आणि पाणी केवळ उताराने चालतं. त्या भुयारांच्या भिंतींवर शतकानुशतकं चुन्याचा पांढरा थर चढत गेला आहे. माणूस वाकून जाईल एवढ्या वाटेला चार शतकं सोसलं. कूलरची नळी मात्र पेन्सिलीएवढी, आणि चुना गरम भिंतीवर जास्तच लवकर बसतो. थर बसला की उष्णता अडते, ऑइल तापतं, आणि बोटवाला म्हणतो कूलर फुटला. फुटलेला नसतो, तुंबलेला असतो. सौम्य आम्लाने धुतला की मोकळा होतो, पण आत भोक नाही याची खात्री करूनच.

कूलर नदीच्या मधोमध गेला तर काय? त्याच्याकडे येणारे ऑइलचे दोन होज पाइप उपसून एकमेकांना जोडायचे, कूलर वाटेतून काढायचा, आणि अगदी सावकाश काठ गाठायचा. पाइपांची तोंडं नुसती बंद करायची नाहीत. ऑइलची वाटच बंद झाली तर बेअरिंगं काही क्षणांत मरतात. पाण्याचे पाइपही आपसांत जोडायचे, नाहीतर जेट नदी थेट बोटीत भरेल. आणि नवा कूलर बसवला म्हणजे झालं असं समजायचं नाही. साय इंजिनाच्या कानाकोपऱ्यांत बसलेली असते. स्वस्त ऑइल घालून थोडं चालवायचं, काढायचं, फिल्टर बदलायचा, पुन्हा तेच. ऑइल स्वच्छ येईपर्यंत. या कामात घाई करणाऱ्याने पुढे बेअरिंगांचे पैसे भरले, असं कोणत्याही गोदीत ऐकायला मिळतं.

हनुवंतियाला किंवा कोकणात कुठे बोटीत बसलात, तर उतरल्यावर लगेच पाठ फिरवू नका. बोट थांबलेल्या जागी पाण्यावर रंगीत तवंग दिसला, तर चालकाला शांतपणे सांगा की डिपस्टिक काढून बघ. आणि दुसऱ्या दिवशी तेल वर चढलेलं असेल, तर चावी फिरवू नकोस.