स्तनांची घनता आणि कर्करोगाची जोखीम

भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे. त्याच्या निदानासाठी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, केली जाते. अहवालात 'गाठ आढळली नाही' एवढे वाचून आपण निश्चिंत होतो. परंतु त्याच अहवालात स्तनांच्या घनतेचाही उल्लेख असतो. त्याचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

स्तनात मेद, दुग्धग्रंथी आणि तंतुमय ऊती असतात. मेद क्ष-किरण चित्रात काळसर दिसतो. ग्रंथी व तंतुमय ऊती पांढऱ्या दिसतात. या पांढऱ्या भागाचे प्रमाण म्हणजेच घनता. स्तन हाताला टणक लागतो की मऊ, यावरून ती ठरत नाही. अहवालात तिच्या 'ए' ते 'डी' अशा चार श्रेणी असतात. अमेरिकेत मॅमोग्राफी करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्के 'सी' आणि १० टक्के 'डी' श्रेणीत मोडतात. या दोन्ही श्रेणी 'सघन' समजल्या जातात. म्हणजेच सघन स्तन हा आजार नव्हे. ती जवळजवळ निम्म्या स्त्रियांची स्वाभाविक शरीररचना आहे.

तरीही तिचे महत्त्व दोन कारणांनी आहे. पहिले असे, की कर्करोगाची गाठही चित्रात पांढरीच दिसते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ती झाकली जाते आणि तपासणीची अचूकता घटते. दुसरे असे, की घनता हा स्वतंत्र जोखीम-घटक आहे. डेट्रॉइट येथील क्ष-किरणतज्ज्ञ जॉन वुल्फ यांनी १९७६ मध्ये हा संबंध मांडला. कॅनडातील नॉर्मन बॉइड व सहकाऱ्यांच्या २००७ मधील अभ्यासात, ७५ टक्के वा अधिक घनता असलेल्या स्त्रियांची जोखीम १० टक्क्यांहून कमी घनता असलेल्यांच्या तुलनेत चारपटींहून अधिक आढळली. अर्थात ही दोन टोकांची तुलना आहे. सर्वसाधारण स्त्रीच्या तुलनेत हा फरक बराच कमी असतो.

बँकेत एखाद्या कर्जाला अधिक जोखमीची श्रेणी दिली, म्हणजे ते बुडीत ठरले असे नाही. त्याचा आढावा अधिक दक्षतेने घ्यावयाचा, एवढाच त्याचा अर्थ. येथेही तसेच आहे.

घनता बव्हंशी आनुवंशिक असते. तरुण वयात ती अधिक असते व रजोनिवृत्तीनंतर सामान्यतः घटते. रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक-उपचारांनी ती वाढू शकते. स्थूल स्त्रियांमध्ये ती बहुधा कमी असते. परंतु रजोनिवृत्तीनंतरचा स्थूलपणा स्वतःच जोखीम वाढवतो. त्यामुळे कमी घनता ही निर्धोकतेची हमी नव्हे.

मग करावे काय? आपली श्रेणी 'सी' किंवा 'डी' असल्यास वय, कौटुंबिक इतिहास आणि पूर्वीचे आजार सांगून, सोनोग्राफी वा एमआरआयची आवश्यकता आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. नेदरलँड्समधील २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अत्यंत सघन स्तन असूनही मॅमोग्राफी निर्दोष आलेल्या काही स्त्रियांना एमआरआयची सोय देण्यात आली. पुढील नियोजित तपासणीपूर्वीच उद्भवलेल्या कर्करोगांचे प्रमाण त्या गटात दर हजारी २.५, तर इतरांमध्ये ५ होते. मात्र जादा तपासण्यांतून खोट्या शंका आणि अनावश्यक बायोप्सीही उद्भवतात. म्हणून हा निर्णय तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक स्त्रीला तिच्या घनतेची माहिती देणे तपासणी केंद्रांवर बंधनकारक आहे. आपणही ती आवर्जून विचारून घ्यावी आणि अहवाल जपून ठेवावेत, म्हणजे पुढील तपासणीच्या वेळी तुलना करता येते. स्तनात वा काखेत नवी गाठ जाणवली, त्वचा आत ओढली गेली किंवा स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव आला, तर मागील अहवाल निर्दोष असला तरीही विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.