धावण्याचा बूट : मापात बसणारा कसा निवडावा?

आपल्या वस्त्यांतून पहाटे मैदानावर धावणारी मुले-मुली आज मोठ्या संख्येने दिसतात, ही समाधानाची गोष्ट आहे. महाराष्ट्रातील पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. राज्य राखीव पोलीस दलासाठी हे अंतर ५ किलोमीटर आहे. या परीक्षेच्या पुस्तकांची आपण चार ठिकाणी चौकशी करतो, बूट मात्र थोरल्या भावाचा, मित्राचा किंवा दुकानदार पुढे करील तो घेतो. मग ऐन चाचणीच्या आठवड्यात अंगठ्याचे नख काळे पडते, टाचेला फोड येतात आणि वर्षभराची मेहनत एका मापाच्या चुकीपायी वाया जाते. म्हणूनच या विषयाची थोडी माहिती आम्ही येथे देत आहोत.

पायाला इजा होऊ नये हा विचार आपल्या परंपरेला नवीन नाही. विनयपिटकातील महावग्गात सोण कोळिविस या भिक्खूची हकीकत आली आहे. श्रीमंत घरात वाढलेल्या सोणाचे तळपाय अतिशय कोमल होते. राजगृहाजवळील शीतवनात चंक्रमण करताना ते फुटून वाट रक्ताने माखली. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला : तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. पुढे त्यांनी त्याला एका तळाच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती सवलत एकट्यासाठी नाकारली, तेव्हा ती साऱ्या संघाला मिळाली. साधना करायची, पण पाय फोडून घेऊन नव्हे, हा यातील बोध. वीणेच्या तारेचा नियम बुटालाही तंतोतंत लागू पडतो.

प्रथम माप. पायाचे माप सायंकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि धावतानाही तो फुगतो. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहावे. बसून घेतलेले माप कमी भरते. सर्वांत लांब बोटापाशी खूण करून अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे. हे लांब बोट अंगठाच असेल असे नाही, काहींचे दुसरे बोट लांब असते. दोन्ही पाय मोजावेत. पुष्कळांचा एक पाय किंचित मोठा असतो, तेव्हा बूट मोठ्या पायाच्या मापाचा घ्यावा.

आपल्याकडे बुटांवर बहुधा ब्रिटिश क्रमांक असतो. त्यात एका क्रमांकाचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर भरतो. म्हणून दोन क्रमांकांच्या मध्ये माप आल्यास अर्धा क्रमांक मागून पाहावा. एका कंपनीचा आठ नंबर दुसरीच्या आठ नंबराएवढा असेलच असे नाही. तेव्हा 'माझा नंबर आठ' एवढ्यावर विसंबू नये, दर वेळी बूट पायात घालूनच पाहावा.

दुकानात जाताना धावताना वापरतो तेच मोजे न्यावेत. दोन्ही बूट घालून, नाड्या बांधून उभे राहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर जागा हवी. धावताना पाय पुढे सरकतो. ही जागा नसेल तर नखे आपटून काळी पडतात. बोटे आत मोकळी हलली पाहिजेत. चवडा दाबला जात असेल तर लांबी बरोबर असूनही तो बूट आपला नव्हे. टाच मात्र घट्ट बसली पाहिजे. चालताना ती वर-खाली होत असेल तर फोड ठरलेलेच. आतला सुकतळा निघत असेल तर तो काढून त्यावर उभे राहावे. पाय त्याच्या कडेबाहेर जात असेल तर बूट अरुंद आहे. शेवटी दुकानासमोर थोडे धावून पाहावे. 'वापरून सैल होईल' या आश्वासनावर बूट घेऊ नये. आज टोचतो तो चाचणीच्या दिवशीही टोचेल.

मुलींनी भावाच्या बुटावर भागवू नये. मुलींची टाच चवड्याच्या मानाने सहसा अरुंद असते, त्यामुळे मुलांचा बूट लांबीत बसला तरी टाचेत सैल राहतो.

तळपायाची कमान पाहून खास बूट घ्यावा, असेही सांगितले जाते. अमेरिकेच्या सैन्यदलांत २००९ व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत काही नवसैनिकांना कमानीनुसार निवडलेले बूट दिले गेले, परंतु त्यांच्या दुखापती इतरांपेक्षा लक्षणीय कमी झाल्या नाहीत. तेव्हा महागड्या विशेषणांपेक्षा पायाला जे सुखद वाटते त्यावर भर द्यावा. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकला, हे पुष्कळांना ठाऊक असते. पायाला नीट बसेल असा बूट त्याला तेथे मिळाला नव्हता, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. १९६४ साली टोकियोत तो बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला.

बुटालाही आयुष्य असते. तळातील फोम दबत जातो व धक्का शोषण्याची शक्ती कमी होते. साधारणपणे ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बूट बदलावा असे मानतात. रोज ४ किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस धावल्यास पाच महिन्यांत ५०० किलोमीटर होतात. म्हणून धावण्याचा जोड केवळ धावण्यासाठीच ठेवावा. नवा बूट चाचणीच्या दिवशी प्रथम घालू नये, दोन-तीन आठवडे आधी पायाला सवय करावी. आणि बूट कितीही चांगला असला तरी अंतर एकदम वाढवल्यास नडगी दुखणारच, हेही विसरू नये.

चांगला बूट म्हणजे महाग बूट नव्हे. कागद, पेन्सिल आणि फूटपट्टी प्रत्येक घरात आहे. अभ्यासिकेत किंवा विहाराच्या ओसरीवर मोठ्या मुलांनी लहानांची मापे घेऊन दिली, तरी कित्येकांचे पाय वाचतील. सोणाने सवलत एकट्यासाठी घेतली नाही. आपणही हे ज्ञान एकट्यापुरते ठेवू नये, एवढीच विनंती.

जय भीम!