न्यूट आणि मासे एकाच टाकीत नांदतील का?

वरून काळपट, पोटाखाली लालभडक आणि चालायला अगदी निवांत. जपानच्या लाल पोटाच्या न्यूटचे व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर नक्कीच पाहिले असतील. दिसतो पालीसारखा, पण आहे बेडकाचा नातेवाईक, म्हणजे उभयचर. घरात माशांची टाकी आधीच असेल, तर मुलं लगेच विचारतात, "याला आपल्या माशांसोबत ठेवूया?"

उत्तर आहे, नको. त्याची कारणं समजून घेऊया.

पाणी एक, गरजा दोन

गप्पी, एंजल, टेट्रा हे आपल्याकडचे लाडके मासे २४ ते २८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात खूश असतात. या न्यूटला मात्र साधारण १५ ते २० अंशांचं थंड पाणी हवं असतं. पाणी बराच काळ त्याहून गरम राहिलं, तर तो खाणं सोडतो आणि आजारी पडतो. नागपूर, हैदराबाद किंवा सुरतच्या उन्हाळ्यात टाकी थंड ठेवायची, तर पाणी गार करणारं यंत्रच लावावं लागतं.

"मग गोल्डफिश ठेवूया, त्याला थंड पाणी चालतं," असं कुणी सुचवेल. पण गोल्डफिश तोंडात मावेल ते चाखून बघतो आणि पाणीही भराभर घाण करतो.

कोण कुणाला त्रास देतं?

दोघंही एकमेकांना त्रास देतात. न्यूटच्या तोंडात मावणारा छोटा मासा त्याचं जेवण ठरू शकतो. उलट, टायगर बार्बसारखे खोडकर मासे न्यूटचे पाय आणि शेपटी कुरतडतात. न्यूटला तुटलेला पाय पुन्हा उगवतो हे खरं. पण जखमेत जंतुसंसर्ग झाला, तर जीव जाऊ शकतो.

जेवणाचं भांडण वेगळंच. न्यूट हळू हलतो आणि वास घेत घेत अन्न शोधतो. तो पोहोचेपर्यंत माशांनी सगळं फस्त केलेलं असतं. भरलेल्या टाकीत तो उपाशी राहतो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

लाल रंग म्हणजे इशारा

या न्यूटच्या त्वचेत टेट्रोडोटॉक्झिन नावाचं विष असतं. पफर माशातही हेच विष सापडतं. न्यूट गिळणारा मासा मरू शकतो. म्हणून टाकीत हात घातल्यावर साबणाने हात धुवा आणि लहान मुलांना न्यूट हाताळू देऊ नका.

तरीही पाळायचाच असेल तर

- न्यूटसाठी वेगळी टाकी ठेवा. वर घट्ट, हवेशीर झाकण हवंच, कारण तो काचेवरून चढून बाहेर पडतो.
- फिल्टरचा प्रवाह मंद ठेवा. पाण्याबाहेर येऊन बसायला दगड किंवा लाकडाचा तुकडा द्या.
- माशांच्या खाद्यावर भागवू नका. त्याला गांडुळासारखं जिवंत अन्न लागतं.
- नीट काळजी घेतली, तर तो १५ वर्षांहूनही जास्त जगू शकतो. तेवढी तयारी आहे का, ते आधी ठरवा.

घेण्याआधी कायदा बघा

आपल्या देशातही न्यूट आहे. दार्जिलिंगच्या डोंगरांत राहणारा हिमालयीन न्यूट २०१५ मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदला गेला. त्याला पकडू नका, विकत घेऊ नका. परदेशी प्रजाती साइट्सच्या यादीत असेल, तर परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विक्रेत्याकडून प्रजातीचं नेमकं नाव आणि कागदपत्रं मागून घ्या.

आणि कंटाळा आला म्हणून न्यूटला तळ्यात सोडू नका, टाकीचं पाणीही ओढ्यात ओतू नका. आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून पसरल्याचं मानलं जाणाऱ्या एका बुरशीने नेदरलँड्समधले फायर सॅलमँडर जवळपास संपवले.

माशांची टाकी माशांनाच राहू द्या. न्यूट आवडत असेल, तर त्याला त्याचं वेगळं, थंड घर द्या. ते जमणार नसेल, तर व्हिडिओच पुरे!