सद्गुणी माणूस सुखी असतो का?
चांदवडचा रंगमहाल, ग्रीक तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती आशा

मुंबई-आग्रा महामार्गावरून नाशिकहून मालेगावकडे जाणाऱ्या प्रवाशाला चांदवडचा किल्ला आणि रेणुकामातेचे मंदिर परिचयाचे असते. गावात शिरले की कोरीव लाकडी खांबांचा होळकरांचा रंगमहाल लागतो. या वास्तूशी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव जोडलेले आहे. २०२५ साली त्यांच्या जन्माला ३०० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा त्यांनी बांधलेली मंदिरे, घाट, विहिरी आणि त्यांची न्यायबुद्धी यांविषयी पुष्कळ बोलले व लिहिले गेले.

त्यांच्या जीवनाकडे पाहताना आणखी एक प्रश्न मनात उभा राहतो. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ग्रीक विचारवंतांनी तो विचारला होता आणि आजही दुःखाच्या घरी सांत्वनाला गेलेल्या प्रत्येक धर्मगुरूला तो ऐकावा लागतो. जो माणूस आयुष्यभर चांगला वागला, तो सुखी झाला का? आणि झाला नसेल, तर त्याच्या चांगुलपणाचा उपयोग काय?

एका जीवनाचा हिशेब

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी येथे झाला. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव मारले गेले. सासरे मल्हारराव यांनी त्यांना सती जाण्यापासून परावृत्त केले. १७६६ साली मल्हाररावही गेले आणि १७६७ साली पुत्र मालेराव यांचे निधन झाले. त्यानंतर राज्यकारभाराची धुरा अहिल्यादेवींनी स्वतः उचलली आणि महेश्वर येथून जवळजवळ तीन दशके न्यायाने राज्य केले. तथापि मृत्यूने त्यांच्या घराची पाठ सोडली नाही. नातू गेला, १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्यादेवींची प्राणज्योत मालवली, तेव्हा पोटचे एकही अपत्य हयात नव्हते.

त्यांच्या सद्गुणांविषयी कोणाचेही दुमत नाही. परंतु त्यांना ‘सुखी’ म्हणावे काय?

ग्रीकांचे दोन शब्द

ग्रीक भाषेत सद्गुणाला ‘अरेटे’ म्हणतात. ज्या कार्यासाठी एखादी वस्तू आहे ते कार्य उत्तम रीतीने पार पाडण्याची क्षमता, असा त्याचा मूळ अर्थ आहे. चांगले कापणे ही सुरीची अरेटे, स्पष्ट पाहणे ही डोळ्याची. मग माणसाची अरेटे कोणती? प्लेटोने ‘रिपब्लिक’ या संवादात विवेक, धैर्य, संयम आणि न्याय अशा चार सद्गुणांचे विवेचन केले. पुढे चौथ्या शतकात मिलानचे महागुरू संत अँब्रोज यांनी यांनाच ‘मुख्य सद्गुण’ म्हटले आणि आजही ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत ते याच नावाने शिकवले जातात.

दुसरा शब्द ‘युडायमोनिया’. आपण त्याचे भाषांतर ‘सुख’ असे करतो, पण ते तोकडे पडते. सुख म्हणजे मनाला वाटणारा आनंद. युडायमोनिया म्हणजे संपूर्ण आयुष्य सफल होणे. तुकड्यातुकड्यांनी नव्हे, तर सबंध जीवनाकडे पाहून ‘हे माणसासारखे जगणे झाले’ असे म्हणता यावे, ही त्यामागील कल्पना आहे. मराठीतील ‘कृतार्थता’ हा शब्द तिच्या अधिक जवळचा वाटतो.

ॲरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४–३२२) आपल्या ‘निकोमाखियन नीतिशास्त्र’ या दहा भागांच्या ग्रंथात हे दोन शब्द एकत्र बांधले. सद्गुणाला अनुसरून आयुष्यभर केलेली आत्म्याची कृती म्हणजेच कृतार्थ जीवन, असे त्याचे प्रतिपादन आहे. सद्गुण जन्मतः मिळत नाही. न्यायाची कृत्ये करता करता माणूस न्यायी होतो, धैर्याची कृत्ये करता करता धीट होतो. चांदवड तालुक्यातील वडनेर भैरव परिसरातल्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. उन्हाळ्यातील खरड छाटणीनंतर वेलीला घड मिळत नाहीत. त्या काळात काडी तयार होते. त्या काडीवर पावसाळ्यानंतर गोडी छाटणी केली की फळ धरते. सवयीने होणारी चारित्र्याची घडण ही अशीच पहिली छाटणी होय. तिचे फळ लगेच दिसत नाही, परंतु तिच्यावाचून फळ येतही नाही.

प्रायमचे दुःख

इथवर सारे सरळ आहे. परंतु ॲरिस्टॉटल प्रामाणिक विचारवंत होता. त्याच ग्रंथाच्या पहिल्या भागात तो ट्रॉयचा वृद्ध राजा प्रायम याचे उदाहरण घेतो. प्रायमने दीर्घकाळ वैभव भोगले आणि अखेरीस युद्धात आपले पुत्र आणि नगर गमावले. अशा माणसाला कृतार्थ म्हणता येईल का? ॲरिस्टॉटलचे उत्तर सावध आहे. सज्जन माणूस आपत्तीतही थोर मनाने वागतो. तो कधी नीच कृत्य करीत नाही, म्हणून त्याला कधीच हीन-दीन म्हणता येणार नाही. तथापि ज्याच्यावर प्रायमसारखी वेळ आली, त्याला पूर्णार्थाने धन्यही म्हणता येणार नाही. कारण कृतार्थतेला आरोग्य, आप्तेष्ट, संतती, बेताची संपत्ती यांचाही हातभार लागतो आणि या गोष्टी माणसाच्या हाती नसतात.

स्टोइक पंथाला हे मान्य नव्हते. इ.स.पू. ३००च्या सुमारास झेनोने अथेन्समध्ये हा पंथ स्थापन केला. सद्गुण हेच एकमेव हित, बाकी सर्व गोष्टी गौण, असे त्यांचे मत होते. मूल गेले, घर गेले, तरी ज्ञानी पुरुषाच्या सुखात उणे येत नाही! या शिकवणीने अनेकांना बळ दिले. एपिक्टेटससारखा गुलामगिरीत वाढलेला मनुष्य तिच्या आधाराने ताठ उभा राहिला. पण पुत्र गमावलेल्या मातेसमोर ही शिकवण उच्चारून पाहावी, म्हणजे तिची मर्यादा कळते.

ॲरिस्टॉटलचीही एक मर्यादा येथे नोंदवली पाहिजे. ‘राज्यशास्त्र’ या ग्रंथात तो म्हणतो की स्त्रीजवळ विचारशक्ती असते, पण तिला अधिकार नसतो. राज्य चालवणारी अहिल्यादेवी त्याच्या चौकटीत बसलीच नसती. नोव्हेंबर १९८६ मध्ये याच चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनासाठी मोठ्या संख्येने जमलेल्या कष्टकरी स्त्रियाही बसल्या नसत्या. कृतार्थ जीवन ज्यांना फुरसत आणि दर्जा आहे अशा थोड्यांसाठीच, हे ग्रीक विचारातील मोठे न्यून होय.

ख्रिस्तसभेने काय घेतले, काय बदलले

ख्रिस्ती विचारवंतांनी ग्रीकांना झिडकारले नाही. संत थॉमस अक्विनास (१२२५–१२७४) यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात नीतीचा विचार मांडला, तोच ‘मानवाचे अंतिम सुख कशात आहे?’ या प्रश्नाने. आज्ञा आणि पाप यांचे विवेचन नंतर येते. ख्रिस्ती नीती म्हणजे केवळ निषेधांची यादी, असा समज बाळगणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा.

परंतु ख्रिस्ती विचाराने तीन ठिकाणी मूलभूत बदल केला.

पहिला बदल धन्यतेच्या दाराचा. डोंगरावरील प्रवचनात (मत्तय ५) प्रभू येशू ज्यांना धन्य म्हणतो ते दीन आहेत, शोक करणारे आहेत, नीतिमत्त्वासाठी छळ सोसणारे आहेत. ॲरिस्टॉटलच्या यादीतून जे वगळले गेले असते, नेमके तेच येथे प्रथम येतात. संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताठायी दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हा भेद उरत नाही असे सांगितले. ख्रिस्ती समाजानेही हे वचन नेहमी पाळले असे म्हणता येणार नाही. पण दार उघडले गेले, ते बंद करण्याचा अधिकार कोणालाही राहिला नाही.

दुसरा बदल दुःखाविषयीचा. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या एकोणिसाव्या भागात स्टोइकांना एक मार्मिक प्रश्न विचारला. आपत्ती या आपत्तीच नव्हेत असे तुम्ही म्हणता, मग त्या असह्य झाल्यास आत्मघात करावा असे कसे सुचवता? दुःख हे खरेच दुःख असते, हे मान्य करण्याचे धैर्य ऑगस्टीन यांनी दाखवले. येथील सुख हे हाती आलेले सुख नसून आशेतील सुख आहे, असे त्यांनी सांगितले. लाजरच्या कबरेपाशी स्वतः प्रभू येशू रडला (योहान ११). रडणे हे श्रद्धेचे उणेपण असते, तर ते अश्रू शुभवर्तमानात नोंदवले गेले नसते.

तिसरा बदल सर्वांत खोल आहे. ॲरिस्टॉटलच्या मते देव आणि मानव यांच्यात मैत्री संभवत नाही, कारण दोघांतील अंतर फार मोठे आहे. संत थॉमस यांनी मात्र ख्रिस्ती प्रीतीची व्याख्याच ‘देवाशी मैत्री’ अशी केली. अंतर माणसाने तोडले नाही. देवच देहधारी होऊन ते ओलांडून आला. म्हणून चार मुख्य सद्गुणांच्या जोडीला श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन ईश्वरदत्त सद्गुण येतात. या जीवनात सुखाचा काही अंश लाभतो, पूर्ण सुख देवाच्या दर्शनातच आहे आणि ते स्वबळाने मिळत नाही, असे थॉमस म्हणतात. येथे ते ॲरिस्टॉटलचाच एक विचार पुढे करतात: मित्राच्या साहाय्याने जे साधते, ते एका अर्थी आपणच साधलेले असते.

महाराष्ट्राच्या भूमीत याचे एक उदाहरण पंडिता रमाबाई यांचे (१८५८–१९२२). आईवडील दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले आणि १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली. त्यांनी ही दुःखे नाकारली नाहीत. दुष्काळातून वाचवलेल्या मुलींसाठी आणि निराधार स्त्रियांसाठी त्या केडगावच्या मुक्ती सदनात अखेरपर्यंत राबल्या आणि मूळ भाषांतून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी तडीस नेले. त्यांचा आधार नशिबाच्या अनुकूलतेवर नव्हता, आशेवर होता.

अहिल्यादेवींची श्रद्धा वेगळी होती आणि त्यांना आपल्या चौकटीत ओढून आणण्याचे आपल्याला कारण नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली अन्य धर्मांतील जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा आदर करण्यास सांगितले आहे. त्यांचा न्याय, संयम व धैर्य हे खरे सद्गुण होते, हे आपण कृतज्ञतेने म्हणावे. आणि त्यांचे अश्रूही खरे होते, हे विसरू नये.

दुःखाच्या घरी

हा विचार केवळ ग्रंथांपुरता नाही. आपल्या भागात गारपिटीने बाग झोपते, कांद्याचा भाव कोसळतो, घरातला कर्ता माणूस अकाली जातो. अशा वेळी आपल्या तोंडून दोन वाक्ये सहज निघतात. ‘काहीतरी चुकले असेल’ हे एक, आणि ‘श्रद्धा असेल तर रडू नका’ हे दुसरे. पहिले वाक्य आपत्तीला पापाची शिक्षा ठरवते. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी असाच तर्क केला, तेव्हा प्रभूने तो स्पष्ट शब्दांत नाकारला (योहान ९). दुसरे वाक्य स्टोइकांचे आहे, शुभवर्तमानाचे नव्हे.

ईयोबचे मित्र त्याला भेटायला आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निःशब्द बसून राहिले. तोवर ते खरे मित्र होते. त्यांनी बोलायला आणि कारणे द्यायला आरंभ केला, तेव्हा ते चुकले, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला.

तेव्हा सद्गुणी माणूस सुखी असतो का, या प्रश्नाचे ख्रिस्ती उत्तर असे आहे: सद्गुण त्याला दुःखापासून वाचवीलच असे नाही; पण त्याचा चांगुलपणा वाया जात नाही, कारण ज्याच्याशी त्याची मैत्री आहे तो देव ते जीवन अर्ध्यावर सोडीत नाही. ही आशा शोकाकुल घरी शब्दांनी सांगण्याआधी आपण सोबतीने पोहोचवावी. शेजारच्या घरी दुःख झाले असेल, तर आज संध्याकाळी जावे, भाकरी घेऊन जावे आणि काही वेळ नुसते बसावे.