समुद्रातल्या बागेचा सातबारा

शेंदूरजनाघाटच्या शेतकऱ्याला मोजणी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. संत्र्याच्या बागेचा धुरा हातभर सरकला तरी मोजणीचा अर्ज जातो, खुणा ठोकल्या जातात. इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर पाण्याखाली एक भलीमोठी बाग आहे. तिची मोजणी थोडीफार झाली, हद्द कायद्यात बसवणे मात्र अवघड होऊन बसले आहे.

तिचे नाव आंग्रिया बँक. पैशाची बँक नव्हे. समुद्रतळावरच्या उंचवट्याला दर्यावर्दी ‘बँक’ म्हणतात. नाव पडले मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर हा उंचवटा आहे, अंदाजे ४० किलोमीटर लांब आणि १५ रुंद. त्याचा माथाही पाण्याखाली २० मीटरवर, त्यामुळे ओहोटीलासुद्धा तो दिसत नाही. नद्यांचा गाळ इतक्या दूर पोचत नाही, पाणी नितळ राहते, ऊन खोलवर जाते आणि म्हणून तिथे प्रवाळ वाढतात. प्रवाळ हा प्राणी. पण त्याच्या अंगात राहणारे सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न तयार करते आणि त्यावर त्याचे बरेचसे पोट भरते.

न दिसणारी जमीन मोजायची कशी? आवाजाने. जहाजाखालून ध्वनिलहरी सोडतात, त्या तळाला आपटून परत येतात. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, म्हणून परतीच्या वेळेवरून खोली कळते. अशा लाखो नोंदी जोडल्या की तळाचा नकाशा उभा राहतो. जगातल्या समुद्रतळाचा जेमतेम चौथा हिस्सा असा नीट मोजला गेला आहे. नकाशावरचा उंचवटा जिवंत आहे की नुसता खडक, हे मात्र खाली उतरूनच पाहावे लागते. डिसेंबर २०१९ मध्ये वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटी-इंडियाच्या पुढाकाराने गेलेल्या पथकाने आंग्रियावर तेच केले.

नकाशाने काय हाती लागते, याचा मासला कॅनडात मिळतो. १९८७ साली तिथल्या पश्चिम किनाऱ्याजवळ हेकेट सामुद्रधुनीचा तळ मोजताना भूवैज्ञानिकांना विचित्र ढिगारे दिसले. त्यांतून आवाज नीट परतच येत नव्हता. पुढे कॅमेरा सोडला तेव्हा ते काच-स्पंजांचे जिवंत खडक निघाले. हा प्राणी पाण्यातली सिलिका शोषून काचेसारखा सांगाडा बांधतो. (सिलिका काही परकी नव्हे. वऱ्हाडच्या काळ्या पाषाणात वजनाने जवळपास निम्मी तीच असते आणि थोडी थोडी विरघळून वर्धा नदीच्या पाण्यातून बंगालच्या उपसागराकडे जाते.) असे स्पंजांचे खडक तोवर डायनोसॉरच्या काळातल्या जीवाश्मांतच ठाऊक होते. इथले खडक ९००० वर्षांचे, वीस मीटरपर्यंत उंच. तळ खरवडत जाणाऱ्या जाळ्याने त्यांचा क्षणात चुरा होतो; वाढ मात्र वर्षाला एक-दोन सेंटीमीटर. शोधानंतर तीस वर्षांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले.

आंग्रियाची अडचण वेगळी आहे. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. पण त्या कायद्याखाली अभयारण्य जाहीर करायचे तर जागा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या आत हवी. आंग्रिया त्याच्या कितीतरी पलीकडे, पण २०० सागरी मैलांच्या भारतीय आर्थिक क्षेत्रात. तिथे चालतो १९७६ चा सागरी क्षेत्रांचा कायदा. त्यात एखादा भाग ‘निर्देशित क्षेत्र’ ठरवायची सोय आहे, अधिकार मात्र केंद्राचा. २०२० मध्ये राज्याच्या पातळीवर तसा प्रस्ताव पुढे आला. म्हणजे मोजणी किनाऱ्यावरच्यांनी करायची आणि फेरफार दिल्लीने मंजूर करायचा. दरम्यान मासेमारीच्या बोटी तिथवर जातात, आणि बोटीचा नांगर जिथे पडेल तिथला प्रवाळ मोडतो.